सातवे बटण

मास्तरांनी खाली पाहिले तेव्हा शर्टाची खालची दोन बटणे लागलेली होती. क्षणभर त्यांना वाटले, सिस्टर येऊन लावून गेल्या असतील आणि आपले लक्ष नसेल. पण सिस्टर स्वयंपाकघरात पाणी तापवत होत्या, भांड्यांचा आवाज तिथूनच येत होता. शिवाय त्या बटणे लावत तेव्हा नेहमी वरून खाली येत. ही खालून लागली होती. खालून वर जाणे ही मास्तरांची पंचेचाळीस वर्षांची सवय. शिंपी दोन्ही कडा आधी खाली जुळवून घेतो, म्हणजे वर गळ्यापाशी फसगत होत नाही. खिडकीखालच्या बसथांब्यावर एक बाई उभी होती, तिच्या कोटाची पाठ डाव्या खांद्यापाशी चुण्या धरत होती, आणि मास्तर मनातल्या मनात तो खांदा उसवत बसले होते: बाही मोकळी करायची, अर्धे बोट मागे घ्यायची, कच्चा टाका घालून पुन्हा अंगावर बघायची. मग बस आली, बाई कोटासकट चढून गेली, आणि मास्तरांनी खाली पाहिले. डाव्या हाताने पट्टी धरली होती. त्याचे काम एवढेच. बटण काजातून ओढून घेतले होते ते उजव्याने. पाच महिन्यांपूर्वीच्या झटक्यानंतर जो परक्याच्या सामानासारखा अंगाला बांधून ठेवल्यागत लोंबत होता, अलीकडे जो कसाबसा कपड्यांचे चिमटे धरायला शिकला होता, त्या उजव्याने, त्यांना न विचारता.

छातीत काहीतरी गरम होऊन वर आले. हाक मारायला तोंड उघडले, आणि तसेच मिटले. कारण आनंदाच्या पाठोपाठ, जणू त्याचेच अस्तर असावे तशी, भीती आली. त्यांनी डाव्या हाताने घाईघाईने त्या दोहोंतले वरचे बटण काढले. खालचे काढायला बोटे नेली तोच सपातांचा आवाज आला, आणि त्यांनी मांडीवरचे पांघरूण ओढून घेतले.

"आज स्वारी खिडकीत," सिस्टर म्हणाल्या. "काय दिसलं?"

"एक कोट," मास्तर म्हणाले. बोलणे आता बरेच सुटे झाले होते, फक्त कठीण शब्दांपाशी जीभ अडखळे. "वाईट शिवलेला."

"तुम्हाला चांगला शिवलेला कधी दिसतो का?" त्यांनी पाण्याचे भांडे ठेवले, हात पुसले आणि शर्टाला हात घातला. पहिले, दुसरे, तिसरे. त्यांच्या बोटांना घाई नव्हती आणि रेंगाळणेही नव्हते. मास्तरांना पहिल्या आठवड्यापासून आवडली होती ती हीच गोष्ट. पाचवे, सहावे. पांघरूण थोडे बाजूला झाले. सातव्यापाशी बोटे एक श्वासभर थांबली. मग त्या रोजच्यासारखेच म्हणाल्या, "झालं," आणि पाण्याकडे वळल्या.

त्या पहिल्या दिवशी आल्या तेव्हा मास्तरांच्या मुलीने दारातच विचारले होते, "कुठल्या ब्युरोतून आलात?" मुलगी बँकेत होती, तिला प्रत्येक माणसामागे एक कार्यालय लागे. "कुठल्याच नाही. माझी मीच," सिस्टर म्हणाल्या होत्या. "मग काही झालं तर आम्ही कोणाकडे जायचं? तुमच्या वर कोण?" "माझ्या वर कोणी नाही, म्हणून तर मला जास्त सांभाळून वागावं लागतं." हे त्यांनी हसून सांगितले नव्हते आणि ताठ्यानेही नव्हते, एखादीने चपलेचा नंबर सांगावा तसे सांगितले होते. पलंगावर आडवे, तोंड एका बाजूला ओघळलेले, लाळ टिपायला दुसऱ्याचा हात लागणारे मास्तर ते ऐकत होते, आणि त्या अवस्थेतही त्यांना वाटले होते, ही कारागीर बाई आहे. मग सिस्टरांनी खुर्ची ओढली, मुलीला नव्हे तर त्यांना विचारले, "मास्तर, मी कामाचा शेवट आधी ठरवते. काय करता आलं म्हणजे माझं काम संपलं, ते तुम्ही सांगायचं." इस्पितळात कोणी त्यांना काही विचारले नव्हते, तिथे विचारत ते मुलीला, तेही पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून, जणू त्यांचे कानच नव्हे तर कानामागचा माणूसही उरला नव्हता. मास्तरांना बोलता येत नव्हते. त्यांनी डाव्या हाताचे बोट शर्टाच्या बटणांवर ठेवले आणि वरून खाली फिरवले. "सातही?" सिस्टरांनी विचारले. त्यांनी मान हलवली. सिस्टरांनी एक लांबट वही काढली, पहिल्या पानावर लिहिले आणि वाचून दाखवले: शर्टाची सातही बटणे स्वतः. "ही वही इथंच टेबलावर राहील. माझी तशी तुमची. केव्हाही वाचा." मास्तरांनी ती कधीच वाचली नाही. आपल्या मापांची वही गिऱ्हाईकाने चाळलेली त्यांनाही खपत नसे.

तेव्हा शेवट त्यांनीच ठरवला होता. तोच आता मांडीवर येऊन बसला होता, आणि त्यांना तो नको होता. का नको, हे मास्तर त्या दिवसभर स्वतःला विचारत राहिले. मुलगी प्रेमळ होती, सकाळी आठपर्यंत आणि संध्याकाळी सहानंतर तीच सगळे करी. पण तिच्या प्रेमाला सतत धाप लागलेली असे. ती पाणी पाजी ते सांडे, उशी सारखी करी ती टोचे, आणि मास्तरांनी कुरकुर केली की म्हणे, "माझ्यापुढं आकाशपाताळ एक करता बाबा, आणि सिस्टर आल्या की गोगलगाय." ते खरेच होते. सिस्टर त्यांना कुशीवर वळवत तेव्हा एक हात खांद्यामागे आणि एक कमरेखाली जाई, श्वास सोडताना त्या वळवत आणि श्वास घेताना थांबत, त्यामुळे आपल्याला कोणी वळवले असे न वाटता आपणच वळलो असे वाटे. चादरीचा कोपरा त्या असा मोडत की खाली एक सुरकुती राहू नये. सुरकुती म्हणजे पाठीला जखम, हे त्यांनी मुलीलाही शिकवले होते. पाच महिन्यांत त्यांच्या पाठीवर वाटाण्याएवढा लाल डागसुद्धा उमटला नव्हता. रोज अंघोळ घालताना त्या पाठ उजेडाकडे करून बघत. मास्तर शिवून झालेला कपडा असाच खिडकीशी नेऊन उलट्या बाजूने बघत असत. माणसे सुलट बाजू बघून वाहवा करतात. काम उलट बाजूला असते. हे या शहरात आपल्याखेरीज आणखी कोणाला माहीत आहे, ही गोष्ट त्यांना म्हातारपणी, आणि तेही आजारपणात, कळावी याचे त्यांना राहून राहून नवल वाटे.

एकदा बोलता बोलता त्यांनी सांगितले होते, की दुकान काढण्याआधी ते तयार कपड्यांच्या कारखान्यात होते. अकरा वर्षे. "काय शिवायचात?" "डावी बाही." "आणि उजवी?" "ती शेजारचा." सिस्टर खूप हसल्या होत्या. मग चिमट्यांचा डबा त्यांच्यापुढे ठेवत म्हणाल्या, "आमच्या वॉर्डातही तेच. एकीनं इंजेक्शन द्यायचं, दुसरीनं पट्टी बदलायची, तिसरीनं ताप लिहायचा. सोळा वर्षं झाली तेव्हा हिशेब केला, की मी किती जणांना दारातून घरी चालत जाताना बघितलंय. एकही नाही. माझी ड्यूटी तरी संपलेली असायची, नाहीतर मी दुसऱ्या पलंगापाशी असायची." "म्हणून सोडलंत?" "म्हणून सोडलं. घरचे म्हणाले, पक्की नोकरी सोडून दारोदार फिरणार? मी म्हटलं, एका वेळी एकच दार." मास्तरांना तेव्हा आपला पहिला अख्खा शर्ट आठवत होता. तो दुकानाच्या दारात टांगला तेव्हा त्याच्या दोन्ही बाह्या आपण बसवल्या आहेत, याच आनंदात ते रस्ता ओलांडून पलीकडे गेले होते आणि तिथून एखाद्या गिऱ्हाइकासारखे बघत उभे राहिले होते.

दुसऱ्या दिवसापासून लपवणे सुरू झाले. डबा पत्र्याचा होता, त्याच्या काठाला बारा चिमटे लावायचे आणि काढायचे. मास्तर चिमटा उचलायला जात तेव्हा सिस्टर स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकात एक अडकवत. शिकताना त्यांच्या एका वयस्कर मेट्रननी ही सवय लावली होती: रोगी प्रयत्न करत असताना नर्सचे हात मोकळे राहिले, तर ते मदत केल्याशिवाय राहत नाहीत, आणि ती मदत रोग्याला महाग पडते. मास्तरांना त्या पाठीमागे गेलेल्या हातांबद्दल फार आदर होता. मदत करणारे हात त्यांनी आयुष्यात पुष्कळ पाहिले होते, पण मदत आवरून धरलेले हात त्याआधी पाहिले नव्हते. आता त्याच हातांपुढे ते मुद्दाम चिमटे पाडू लागले. सात लागले असते तिथे चार लावले. पाचवा बोटांत नीट बसला होता, त्याला सुटू दिले. तो फरशीवर पडून खटकन वाजला आणि मास्तरांच्या कानामागे घाम आला. पंचेचाळीस वर्षांत त्यांनी जाणूनबुजून एक टाका वाकडा घातला नव्हता. घाईच्या दिवसांत नाही, बुडव्या गिऱ्हाइकाच्या कपड्यातही नाही. आणि आता, ज्या एका माणसाला चांगले काम म्हणजे काय ते कळते, त्याच्याच समोर बसून ते वाईट काम करत होते. सिस्टर वाकून चिमटा उचलत, डब्यात टाकत, वहीत लिहीत आणि म्हणत, "उद्या बघू." हे "उद्या" ऐकायला बरे वाटे. आणि बरे वाटते म्हणून लाज वाटे.

एकटे असताना मात्र हात ऐकत नसे. सिस्टर बाल्कनीत कपडे वाळत घालायला गेल्या, की तो आपण होऊन पांघरुणाची कड चिमटीत धरून तिचे विणकाम चाचपी, किती तारांचे कापड आहे ते मोजू पाही. मास्तर त्याला डाव्या हाताखाली दाबून ठेवत. वर्गात बोलू नकोस म्हणून मुलाला गप्प करावे तसे. तो कोमट असे, जिवंत, काहीसा रुसलेला.

पुढच्या मंगळवारी दुपारी बाल्कनीतून फोनवरचे बोलणे ऐकू आले. सिस्टर आवाज चोरून बोलत नसत. "नाही, अजून नाही. इथलं काम बाकी आहे... तारीख कशी सांगू? तारखेवर नाही चालत हे... किती मोठा आहे डाग? बोटानं दाबल्यावर पांढरा होतो का?... होत नाही. बरं. तिला दर दोन तासांनी कुशीवर घ्या. नाही, दादा, मला दोन घरं एकदम करता येत नाहीत. मी एका बाईंचा नंबर दिला होता ना?... त्या नाही म्हणाल्या. बरं. मी आणखी विचारते." त्या आत आल्या आणि वाळलेल्या चादरीची घडी करू लागल्या. कोपऱ्याला कोपरा लावला, पण घडी तिरकी गेली. त्यांनी ती झटकून पुन्हा धरली. मास्तरांनी सिस्टरांच्या हातून तिरकी घडी कधी पाहिली नव्हती.

"कोण होतं?"

"एका मुलीचे वडील. बस चालवतात. एकोणीस वर्षांची आहे, जिन्यावरून पडली, पाठीचं ऑपरेशन झालंय. घरी आणून दहा दिवस झाले. ते घाबरून तिला हलवतच नाहीत." त्या थांबल्या. "कमरेखाली डाग आलाय."

"मग जा की तिकडं."

"आणि तुम्ही?"

मास्तरांना आपली जीभ पुन्हा पहिल्या दिवसासारखी जड झाल्यासारखे वाटले. सिस्टर चादर घेऊन आतल्या खोलीत गेल्या. समोरच्या भिंतीवर खिळ्याला दुकानाची किल्ली लटकत होती. मुलीने ती तिथे मुद्दाम लावली होती, बाबांना उमेद वाटावी म्हणून, पण मास्तर तिच्याकडे पाहायचे टाळत, आणि त्याचे कारण मुलीला माहीत नव्हते. दुकानात आतल्या दांडीवर एक करडा कोट होता. एका निवृत्त शिक्षकाचा. शिक्षक एकटे राहत. कोटाचे माप द्यायला आले तेव्हा तासभर बसले, पहिल्या ट्रायलला आले तेव्हा दोन तास. मशीन चालू असताना ते पेपरातल्या बातम्या सांगत, मास्तर हुंकार भरत, आणि दुपार कशी गेली ते कळत नसे. मास्तरांची बायको जाऊन तेव्हा वर्ष झाले होते. कोट तिसऱ्या ट्रायलला बसला होता, अगदी चोख, शिक्षकांनी आरशात बघून म्हटलेही, "मास्तर, आता काय राहिलं?" आणि मास्तर म्हणाले होते, "खांदा अजून थोडा बघू. एक ट्रायल आणखी." मग आणखी एक. मग आणखी. शिक्षक हसत, येत, बसत. त्यांनाही कदाचित कळले होते, कदाचित त्यांनाही तेच हवे होते. मग एका आठवड्यात ते आले नाहीत, पुढच्याही नाही, आणि नंतर त्यांच्या पुतण्याने येऊन ते गेल्याचे सांगितले. कोट तसाच राहिला, पांढरे कच्चे टाके अंगावर मिरवत. ज्या माणसाला त्या हिवाळ्यात तो घालून फिरता आले असते, तो जुन्याच, कोपरे विरलेल्या कोटात गेला. मास्तर तेव्हा स्वतःला म्हणाले होते, मी त्यांना सोबत दिली. पण दांडीपाशी गेले की त्यांना कळे, दिली नव्हती, घेतली होती. ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितलीच नाही. आता बाल्कनीतून त्या मुलीच्या कमरेखालचा डाग घरात आला होता, आणि मास्तरांना तो त्या करड्या कोटावर, खांद्याच्या खाली, उमटलेला दिसत होता.

बुधवारी सिस्टर आठाला आल्या. नेहमीप्रमाणे हात धुतले, पडदा सारला, पाठ बघितली, अंघोळ घातली, शर्ट अंगात चढवला आणि वरच्या बटणाकडे हात नेला.

"सिस्टर," मास्तर म्हणाले, "हात मागं."

त्या त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग सावकाश दोन्ही हात पाठीमागे गेले. मास्तरांनी खाली बघून दोन्ही कडा जुळवल्या. कोणी बघत नसताना ज्या हाताने आपण होऊन काम केले होते तो आता, बोलावल्यावर, लाजल्यासारखा झाला. पहिले बटण दोनदा काजाच्या तोंडाशी येऊन मागे सरकले. बाहेर एक बस आली, थांबली आणि गेली. बटण आत गेले. दुसऱ्याला तेवढा वेळ लागला नाही. तिसऱ्यापाशी बोटे अडली. मास्तर थांबले, श्वास सोडला, आणि श्वास सोडताना पुढे सरकले, जसे सिस्टर त्यांना वळवत तसे. चौथे. पाचवे. त्यांना सिस्टरांचा चेहरा दिसत नव्हता, पण सपाता दिसत होत्या. उजव्या सपातेतला अंगठा वर उचलला गेला होता आणि खाली टेकत नव्हता. सहावे. सातवे गळ्यापाशी, डोळ्यांना न दिसणारे, नुसत्या बोटांनी शोधायचे. ते लागले तेव्हा अंगठा खाली टेकला.

"मास्तर," सिस्टर म्हणाल्या. एवढेच.

"मी आठ दिवस खोटं केलं," मास्तर म्हणाले. "चिमटे मुद्दाम पाडले."

सिस्टरांनी टेबलावरची वही उचलली, पाने मागे उलटली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. चष्मा दिला. अक्षर बारीक, सरळ, दोन ओळींत सारखी जागा सोडलेले. शिवण घालावी तसे. गेल्या आठवड्यातल्या मंगळवारची ओळ होती: सकाळी सातवे बटण लागलेले सापडले. खालून लावले आहे. बुधवार: चिमटे चार. पाचवा मुद्दाम सोडला. गुरुवार: चिमटे तीन. फार वाईट सोडतात, पडण्याआधीच डोळे मिटतात. मास्तरांना हसू आले. शनिवारच्या ओळीपाशी शाई थोडी फुटली होती, पेन बराच वेळ तिथे टेकले असावे. तिथे लिहिले होते: सांगायला हवे. आजही सांगितले नाही. सोमवार: चूक माझी आहे. त्यांची नाही. वर कोणी असते तर विचारले असते, रोगी बरा झाला तर तू अजून तिथे का.

"तुम्हाला माहीत होतं," मास्तर म्हणाले.

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीत?"

सिस्टर खुर्चीवर बसल्या. पाच महिन्यांत मास्तरांनी त्यांना कामाशिवाय बसलेले पाहिले नव्हते. "आधी वाटलं, तुम्ही होऊन सांगाल, त्याला मान द्यावा. ते दोन दिवस खरं होतं. पुढचे सहा दिवस खरं नव्हतं." त्यांनी पदराने टेबलाची कड उगाच पुसली. "इतकी घरं केली. सगळीकडं मला औषधाची वेळ विचारतात, जेवणाची विचारतात. काम उलट्या बाजूनं बघणारं कोणी भेटलं नव्हतं."

मास्तरांना पुष्कळ बोलायचे होते. कोटाची गोष्ट सांगायची होती; सांगायला हवी ती याच बाईला. पण त्यांनी चष्मा काढला आणि वही परत दिली. "लिहा," ते म्हणाले. "सातही. मग त्या बसवाल्यांना फोन करा."

त्यांनी लिहिले. मग बाल्कनीत न जाता तिथेच, त्यांच्यासमोर, फोन लावला. "दादा, उद्या आठला येते. चादर सुती हवी, नवी नको, धुतलेली. आणि हे बघा, मी आल्यावर आधी मुलीशी बोलणार, तुमच्याशी नंतर." पलीकडून काय आले ते मास्तरांना ऐकू गेले नाही, पण सिस्टरांनी फोन कानापासून थोडा दूर धरला.

संध्याकाळी सहाला मुलगी आली, बातमी ऐकून दारातच पर्स खाली टाकून रडली, मग डोळे पुसून म्हणाली, "आणि उद्यापासून माझ्या हातून पाणी सांडलं तर?" "तर मी स्वतः पिईन," मास्तर म्हणाले. मग थोडे थांबून म्हणाले, "रविवारी मला दुकानात ने. एक कोट पुरा करायचाय." "कोणाचा?" "सांगतो. तिथं गेल्यावर."

सिस्टरांनी पिशवी खांद्याला लावली. मास्तर, सिस्टरांनी शिकवले होते तसे, काठी घेऊन दारापर्यंत आले, एक हात भिंतीला. सिस्टर उंबऱ्याबाहेर जाऊन वळल्या, आणि त्यांची नजर मास्तरांच्या गळ्यापाशी थांबली. कॉलरची डावी बाजू आत दुमडलेली राहिली होती. सकाळपासून तशीच असणार. सिस्टरांचा हात वर आला, निम्म्या वाटेवर थांबला, आणि मागे गेला. दुसराही मागे गेला. त्या तशाच उभ्या राहिल्या. मास्तरांनी काठी दाराला टेकवली, उजवा हात गळ्याशी नेला आणि बोटांनी चाचपून, घाई न करता, कॉलर बाहेर काढून बसवली.

"झालं," ते म्हणाले.